म्यूझच्या खोऱ्यातला एक आठवडा

लंडनच्या 1952 च्या जीवघेण्या धुरक्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. त्या लेखनात कुठेतरी तळाशी, बहुधा बारीक टाइपात, बेल्जियममधल्या एका दरीचा उल्लेख येतो: म्यूझ नदीचं खोरं, डिसेंबर 1930, साठाहून अधिक मृत्यू. एवढी एक ओळ देऊन लेखक पुढे लंडनकडे वळतो. या ओळीनं मला वर्षानुवर्षं स्वस्थ बसू दिलेलं नाही. कारण लंडनमध्ये काय होऊ शकतं, हे त्या दरीतल्या मृत्यूंचा शोध घेणाऱ्या माणसानं आधीच लिहून ठेवलं होतं, तेही आकड्यासकट. झ्याँ फिर्के हे त्याचं नाव. आपल्याकडे ते कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही, आणि युरोपातही ते फार थोड्यांना आठवतं.

आधी जागा समजून घेऊ. लिएज शहराच्या नैर्ऋत्येला ह्यूई नावाचं गाव आहे. या दोहोंच्या मध्ये साधारण वीस किलोमीटर म्यूझ नदी एका अरुंद दरीतून वाहते. दरीची रुंदी एक-दोन किलोमीटरच्या पलीकडे जात नाही, आणि दोन्ही बाजूंचे डोंगर साठ-ऐंशी मीटर उंचीचे, कुठे थोडे जास्त. कोळसा जवळ आणि नदीतून मालाची ने-आण सोपी, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ही दरी कारखान्यांनी भरत गेली. सरँ गावी 1817 मध्ये कॉकरिलचा लोखंडाचा कारखाना सुरू झाला, 1826 मध्ये वाल-सँ-लाँबेरचा काचकारखाना आला. 1930 पर्यंत पोलाद, जस्त, काच, गंधकाम्ल, सुपरफॉस्फेट खत, कोक अशा नाना धंद्यांचे 27 कारखाने या चिंचोळ्या पट्ट्यात धूर सोडत होते. मधूनमधून कामगारांची गावं: आमे, आंझी, फ्लेमाल, जमेप. आंझीची वस्ती तेव्हा साडेतीन हजारांच्या आसपास होती. याच आंझीच्या गुहांमध्ये श्मेर्लिंग नावाच्या डॉक्टरला 1829 मध्ये एका बालकाची कवटी सापडली होती. ती निअँडरथल मानवाची आहे हे ओळखायला विज्ञानाला 1936 पर्यंत थांबावं लागलं. हाती असलेला पुरावा वाचायला उशीर होण्याचा या गावाचा तो पहिला अनुभव.

सोमवार 1 डिसेंबर 1930 पासून बहुतेक सगळ्या बेल्जियमवर धुकं उतरलं. हवेचा दाब जास्त, पारा शून्याच्या आसपास घुटमळणारा, वारा जवळजवळ नाही, आणि जो होता तो पूर्वेकडून इतका मंद की चालणारा माणूस त्याला मागे टाकेल. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातल्या वाचकांना ही हवा वेगळी समजावून सांगायला नको. कडाक्याच्या थंडीत बाग वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवल्या की धूर वर न चढता वेलींच्या उंचीवरच आडवा पसरतो, हे त्यांनी पाहिलेलं असतं. जमीन रात्री थंड होते, तिला चिकटलेली हवाही थंड आणि जड होते, आणि तिच्या वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. ऊन पडलं की एरवी दहा वाजेपर्यंत हे झाकण उघडतं. म्यूझच्या दरीत ते पाच दिवस उघडलं नाही, आणि ते बसलं होतं साधारण डोंगरांच्याच उंचीवर. खाली 27 कारखाने, हजारो घरांच्या कोळशाच्या चुली आणि आगगाडीची इंजिनं चालूच होती.

पहिले दोन दिवस फारसं काही झालं नाही. बुधवारपासून लोकांना घसा खवखवणं, छातीच्या हाडामागे दुखणं, खोकल्याची उबळ आणि दम लागणं असा त्रास सुरू झाला. काहींचे ओठ निळे पडले. गुरुवारी आणि शुक्रवारी माणसं मरू लागली. मृतांचं सरासरी वय साठीच्या पुढचं होतं, पण त्यांत विशीतली व्यक्तीही होती. बहुतेकांना हृदयाचा किंवा छातीचा जुना आजार होता. एकट्या आंझीत 14 जण गेले. एकूण आकडा साठाच्या वर, म्हणजे त्या दिवसांत एरवी होणाऱ्या मृत्यूंच्या दहापट. गुरंही आजारी पडली, काही मेली. ज्या शेतकऱ्यांनी जनावरं वेळेवर डोंगरमाथ्यावर हाकलली त्यांची जनावरं सुधारली. शनिवारपर्यंत धुकं विरलं आणि त्रास जवळजवळ एकदम थांबला.

पत्रकार धावून आले, बेल्जियमची राणी एलिझाबेथ स्वतः आंझीला भेट देऊन गेली, आणि तर्कांना ऊत आला. महायुद्ध संपून बाराच वर्षं झाली होती. जर्मनांनी जाताना पुरून ठेवलेला विषारी वायू बाहेर आला, असं पुष्कळांना वाटलं. सहारातली धूळ, एखादी नवी साथ असेही तर्क निघाले. सरकारी आरोग्य खात्याचा सुरुवातीचा कल थंडीला आणि धुक्यालाच दोष देण्याकडे होता. दरीतल्या लोकांना ते पटलं नाही, आणि त्यांचा प्रश्न बिनतोड होता: धुकं सगळ्या देशावर होतं, मग माणसं याच वीस किलोमीटरांत का मेली? शिवाय 1911 मधल्या धुक्यातही इथली गुरं अशीच आजारी पडली होती, हे शेतकऱ्यांच्या स्मरणात होतं. शेतकऱ्यांना डॉक्टरांच्या एक पिढी आधी धोका कळला होता, एवढाच याचा अर्थ मी घेतो.

इथून पुढचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. लिएजच्या सरकारी वकिलांच्या कचेरीनं चौकशी सुरू केली आणि तज्ज्ञांची समिती नेमली. हवामानाची बाजू दहालू यांच्याकडे, रसायनांची माज आणि बाता यांच्याकडे, आणि मृतदेहांची फिर्के यांच्याकडे होती. फिर्के तेव्हा चाळिशीचे, लिएज विद्यापीठात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचे वडील शार्ल फिर्के हेही विकृतिशास्त्रज्ञच होते. समितीचा सुमारे साठ पानांचा अहवाल 1931 मध्ये बेल्जियमच्या रॉयल अकॅडमी ऑफ मेडिसिनच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. असे अहवाल वाचायला रूक्ष असतात, पण याची शिस्त पाहण्यासारखी आहे. फिर्के एकेक शक्यता घेतात, तपासतात आणि बाजूला ठेवतात. साथ नव्हे, कारण रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला नाही आणि धुकं हटताच तो थांबला. युद्धातला वायू नव्हे, कारण फुफ्फुसांत त्याच्या खुणा नाहीत. नुसती थंडी नव्हे, कारण दरीबाहेर तीच थंडी होती. शवविच्छेदनात श्वासनळी आणि मोठ्या श्वासनलिकांचं अस्तर लाल, सुजलेलं सापडलं. सूक्ष्मदर्शकाखाली फुफ्फुसातल्या भक्षक पेशींमध्ये काजळीचे कण दिसले, साधारण एका मायक्रॉनच्या आसपासचे. आज आपण ज्याला पीएम 2.5 म्हणतो त्या जातीचे हे कण. फिर्के यांनी ते मोजले आणि घातक वायू आत खोलवर नेण्याचं काम हे कण करू शकतात असं नोंदवलं. ते साल 1931 होतं हे ध्यानात घ्यावं.

निष्कर्ष असा की मुख्य अपराधी कोळशातला गंधक. जळल्यावर त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो आणि धुक्याच्या थेंबांत त्याचं गंधकाम्ल बनू शकतं. समितीच्या अंदाजानुसार त्या दिवसांत दरीच्या हवेत दर घनमीटरला 25 ते 100 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड साचला असावा.

यावर वाद पेटला आणि तो काही दशकं धुमसला. विरोधकांत सगळ्यांत वजनदार नाव काइ रोहोल्म या डॅनिश डॉक्टरचं. कोपनहेगनच्या क्रायोलाइट कारखान्यातल्या कामगारांची हाडं फ्लोरिनमुळे कशी बदलतात हे अभ्यासून त्यानं 1937 मध्ये फ्लोरिनच्या विषबाधेवर मोठा ग्रंथ लिहिला. फ्लोराइडयुक्त पाण्यानं वाकलेली माणसं आपल्याकडे ज्या गावांत आहेत, तिथल्या डॉक्टरांना हा ग्रंथ परका वाटणार नाही. त्याच वर्षी त्यानं म्यूझच्या घटनेवर स्वतंत्र लेख लिहून गंधकाला निर्दोष ठरवलं. त्याचे मुद्दे असे: 27 पैकी 15 कारखान्यांत फ्लोरिन असलेला कच्चा माल वापरला जात होता, त्यात जस्ताचे आणि सुपरफॉस्फेटचे आलेच. कारखान्यांजवळच्या घरांच्या खिडक्यांच्या काचा धुरकट झाल्या होत्या, आणि काचेवर असा हल्ला फ्लोरिनच करतो. गुरांचे जुने आजारही त्याला याच दिशेनं नेत होते. पुढे 1948 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत मनाँगहिला नदीच्या दरीतल्या डोनोरा गावी जवळजवळ हेच घडलं. तीच विपरीतता, तसाच जस्ताचा कारखाना, 20 मृत्यू. तिथेही फिलिप सॅडलर या रसायनतज्ज्ञानं फ्लोरिनवरच बोट ठेवलं. रोहोल्म त्याच वर्षी, पन्नाशीही न गाठता वारला होता.

दोन्ही बाजू वाचून माझं मत फिर्केंकडे झुकतं. फ्लोरिन होता, काचा खोटं बोलत नाहीत, पण इतकी माणसं इतक्या झटपट जाण्याला गंधक आणि काजळीचे बारीक कण पुरेसे होते. लंडनमध्ये अशा कारखान्यांची एवढी दाटी नसताना तेच झालं. ल्यूव्हेनचे बन्वा नेमेरी यांनी 2001 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या घटनेचा फेरआढावा घेतला, तेही सल्फर डायऑक्साइड आणि सूक्ष्म कणांपाशीच येतात. पण कोणता वायू, या वादात एक साधी गोष्ट मागे पडली: दोन्ही वायू त्याच धुराड्यांतून येत होते.

सरकारी वकिलांचा प्रश्न असा होता की या मृत्यूंना कुणाचा गुन्हा जबाबदार आहे का. समितीला कुठेही बिघाड आढळला नाही. सगळे कारखाने रोजच्यासारखे, नेहमीच्या पद्धतीनं चालले होते. मग गुन्हा कुठला? अपवादात्मक हवामान, म्हणून प्रकरण मिटलं. कुणावर खटला झाला नाही. अलेक्सी झिमेर या इतिहासकारानं 2016 च्या आपल्या पुस्तकात याच मुद्द्यावर समितीला धारेवर धरलं आहे. तज्ज्ञांनी दोष आभाळाकडे सरकवला आणि उद्योगांना सोडवलं, असा त्याचा आरोप. तो मला बराचसा पटतो. धुकं आणि डोंगर आधीपासून तिथेच होते, धुराडी नंतर बांधली गेली.

तरीही झिमेरइतकं कठोर मला फिर्केंच्या बाबतीत होता येत नाही. अपघात झालाच नव्हता, हा जो निष्कर्ष मालकांना सोयीचा ठरला, त्यातूनच फिर्केंनी पुढचं पाऊल टाकलं. काही बिघडलेलं नसताना माणसं मरत असतील, तर जिथे कोळसा जळतो आणि धुकं साचतं तिथे कुठेही ती मरू शकतात. त्यांनी त्रैराशिक मांडलं: आंझीच्या दरीतलं प्रमाण लंडनच्या लोकसंख्येला लावलं तर तिथल्या यंत्रणेला सुमारे 3200 आकस्मिक मृत्यूंना तोंड द्यावं लागेल. हेच त्यांनी 1936 मध्ये फॅरडे सोसायटीच्या पत्रिकेत इंग्रजीतही मांडलं, म्हणजे हा इशारा लंडनकरांच्या हाती त्यांच्याच भाषेत होता. सोळा वर्षांनी, 5 डिसेंबर 1952 च्या शुक्रवारी, थेम्सच्या खोऱ्यावर तसंच झाकण बसलं आणि मंगळवारपर्यंत राहिलं. सरकारी हिशेबानं जादा मृत्यू 4000 झाले, नंतरच्या अभ्यासांत हा आकडा 12000 पर्यंत गेला. ब्रिटनचा स्वच्छ हवेचा कायदा त्यानंतर 1956 मध्ये आला. फिर्के 1958 मध्ये वारले, म्हणजे त्यांनी हे सगळं पाहिलं. आंझीत मृतांचं स्मारक उभं राहायला मात्र डिसेंबर 2000 उजाडला.

हे सगळं कळू शकलं ते एका साध्या दप्तरामुळे. त्या गावांच्या मृत्यूनोंदी दिवसवार होत्या, म्हणून 4 आणि 5 डिसेंबर हे दोन दिवस बाकीच्यांपेक्षा उठून दिसले. महाराष्ट्रात मला या संदर्भात चंद्रपूर आठवतं. इरई आणि झरपट नद्यांच्या काठचं शहर, भोवती कोळशाच्या खाणी, शेजारी महानिर्मितीचं सगळ्यांत मोठं 2920 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या प्रदूषण निर्देशांकात 83.88 गुणांसह हे शहर देशात चौथं होतं. म्यूझसारखे कडे तिथे नाहीत, पण हिवाळ्याची स्तब्ध हवा आहे, आणि हवा मोजणारी यंत्रंही आहेत. तिथल्या किंवा अशाच एखाद्या गावातल्या वाचकांपैकी कुणी डॉक्टर असेल, नगरपालिकेच्या जन्ममृत्यू विभागात असेल, संख्याशास्त्राचा विद्यार्थी असेल, तर त्यानं डिसेंबर-जानेवारीतल्या सगळ्यांत थंड आठवड्यांच्या मृत्यूनोंदी काढून त्याच दिवसांच्या हवेच्या आकड्यांशेजारी ठेवाव्यात. एवढ्या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. जे निघेल ते प्रसिद्ध करावं, आणि आकडे निर्दोष निघाले तरी करावं.