कारागिरांशी सामायिक काम : तोट्याची बोलणी आधी करा

अलीकडे आपले पुष्कळ व्यापारी बांधव थेट कारागिरांच्या गावी जाऊन सामायिक काम उभे करू पाहतात. विचार चांगला आहे. पण बहुतेक जण नमुना आणि तारीख खिशात घालून जातात. तोटा झाल्यास तो कोणाचा, ही बोलणी कोणी करीत नाही. आम्हीही केली नव्हती.

कच्छमध्ये भुजजवळ अजरखपूर हे गाव आहे. तेथील खत्री बिरादरी पूर्वी धमडका गावी अजरखची छपाई करीत असे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले व रंग बिघडू लागले. तेव्हा अनेक कुटुंबांनी मिळून नवी जमीन घेतली आणि पाणी पाहून गाव वसविले.

पाण्याचे एवढे महत्त्व का, ते ध्यानात घ्यावे. अजरखचे कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो. म्हणून काळ्या रेघांसाठी गंजलेले लोखंड व गूळ आंबवून त्याने छापतात. तेच लोखंड धुण्याच्या पाण्यात असेल तर सगळा ताका काळवंडतो. जिथे रंग नको तिथे चुना-डिंकाचा लेप, लालीसाठी तुरटी, मग नीळ, मग मंजिष्ठा किंवा अलिझरीन. धुणे, छापणे, वाळवणे मिळून चौदा-सोळा टप्पे होतात आणि बहुतेकांना ऊन लागते.

हे सर्व ऐकून माहीत असूनही आम्ही चुकलो. २०१३ साली रमजान ईद ९ ऑगस्टला होती. आम्ही जूनमध्ये ४०० मीटरचे काम दिले, बयाणाही दिला. जुलैत पाऊस लागला, लेप सुकेना, रेघा पसरल्या. माल ईद उलटल्यावर हाती आला. आम्ही मजुरीतून रक्कम कापली. छपाई करणारे भाई एवढेच म्हणाले, "सेठ, कापड तुमचे, तारीख तुमची, पाऊस अल्लाहचा. माझी चूक कोणती ते सांगा." आमच्याकडे जवाब नव्हता. पुढच्या हंगामात त्यांनी आमचे काम घेतले नाही.

ही गोष्ट एका आलिम साहेबांच्या कानावर घातली. त्यांनी समजावले की मुदारबामध्ये भांडवल एकाचे आणि मेहनत दुसऱ्याची असते. तोटा आला तर भांडवल भांडवलवाल्याचे जाते, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया जाते. कारागिराची कसूर असेल तरच भरपाई त्याच्यावर. आमचा व्यवहार ऑर्डरचा, म्हणजे इस्तिसनाचा होता. पण मालाचे वर्णन सोडता आम्ही काहीच साफ ठरविले नव्हते. कापलेली रक्कम आम्ही स्वतः जाऊन परत केली. काम पुन्हा सुरू व्हायला दोन वर्षे लागली.

आता बोलणी पावसाळ्याच्या हिशेबाने सुरू होते. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, त्यामुळे गेल्या साली जमलेले वेळापत्रक काही वर्षांनी हमखास फसते. उन्हाचे दिवस कारागीर सांगतात, तारीख त्यावरून ठरते. पावसाने बिघडलेल्या कापडाची किंमत आमच्याकडे आणि तोवर झालेल्या टप्प्यांची मजुरी पूर्ण. ठसा चुकीचा बसला तर मात्र तो भाग ते पुन्हा छापून देतात.

ठशांवरूनही तंटे होतात. पेथापूरच्या कारागिरांकडून सागवानी ठसे आम्ही करवून घेतले तर ते आमचे. पण बिरादरीचे पिढीजात नमुने कोणा एका दुकानाचे होऊ शकत नाहीत. तसा हट्ट धरणाऱ्यांना आम्ही पाहिले आहे. कच्छ अजरखला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा स्क्रीनचा माल अजरख म्हणून विकणाऱ्यांनीही जरा जपून राहावे.

कागद गुजराती व उर्दू अशा दोन प्रतींत करतो. मंजूर नमुन्याचे कापड मधोमध कापून अर्धे त्यांच्या कारखान्यात व अर्धे आमच्या दुकानी ठेवतो, म्हणजे माल आल्यावर रंगाचा वाद दोन्ही तुकडे शेजारी ठेवून तिथल्या तिथे मिटतो.