बूच काढण्याचे मळसूत्र

द्राक्षमद्याच्या बाटलीचे बूच अभंग बाहेर यावे अशी ज्याची इच्छा असेल, त्याने कॉर्कस्क्रू घेताना मुठीच्या नक्षीपेक्षा मळसूत्राचीच खातरजमा करावी. कारण मधोमध भरीव दांडा असलेले मळसूत्र बुचाचा गाभा कुरतडून भुगा करते, तर ज्याच्या वेटोळ्यांतून आगकाडी सहज आरपार जाते असे पोकळ, अणकुचीदार मळसूत्र जुन्या, ठिसूळ बुचातही फारसा उपद्रव न करता शिरते. १८८२ साली जर्मनीतील रॉस्टॉकच्या कार्ल वीन्के यांनी ज्या घडीच्या, तरफयुक्त हत्याराचे पेटंट घेतले, त्याचीच दोन टप्प्यांची सुधारित आवृत्ती मला सर्वांत भरवशाची वाटते: पहिल्या टप्प्याने बूच निम्मे उचलले जाते, दुसऱ्याने सरळ वर येते, आणि वाकून मोडत नाही. दोन पंखांच्या हत्यारात बहुधा भरीव मळसूत्रच असते, ते टाळावे.