उपचारांचे परवडणे आणि रुग्णांची परवड

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पंचाहत्तराव्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातील रुग्णालयीन खर्चाची मोजदाद झाली. बाळंतपणे वगळता सरकारी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च ४,४५२ रुपये निघाला. खासगी रुग्णालयात तोच ३१,८४५ रुपये. हा सातपटींचा फरक मासिक पगारावर किंवा रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला काय करतो, हे सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाही. आधी शिल्लक संपते, मग दागिने गहाण पडतात, मग नातेवाईकांकडे हात पसरावा लागतो आणि शेवटी मुलांच्या शिक्षणाला कात्री लागते. रोग बरा होतो, कर्ज मात्र राहते.

आरोग्यसेवा ही इतर वस्तूंसारखी बाजारात का सोडता येत नाही, याचे विवेचन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच केले होते. कपडा किंवा दुचाकी केव्हा घ्यायची, किती किमतीची घ्यायची, हे ग्राहक ठरवतो. आजाराची वेळ रुग्ण ठरवत नाही. कोणती तपासणी हवी, कोणती शस्त्रक्रिया हवी, हेही त्याला कळत नाही. ते सेवा देणाराच सांगतो. अपघातग्रस्ताला घेऊन जाणारे नातेवाईक चार रुग्णालयांचे दर विचारत फिरत नाहीत. म्हणूनच येथे घासाघीस चालत नाही आणि ‘परवडेल तेवढे घ्यावे’ हा व्यवहारी नियमही लागू पडत नाही.

यावरचा जुना उपाय म्हणजे जोखीम वाटून घेणे. हजार कुटुंबांपैकी यंदा कोणावर संकट येईल हे सांगता येत नसले, तरी साधारण किती कुटुंबांवर येईल याचा अंदाज बांधता येतो. सर्वांनी थोडे थोडे घातले की ज्याच्यावर वेळ येते तो तरून जातो. मात्र हा सहभाग ऐच्छिक ठेवला तर धडधाकट माणूस बाहेर राहतो, आजारी तेवढे आत येतात, हप्ता वाढतो आणि मग गरिबाला तोच परवडत नाही. सर्वांना सामावून घेतल्याशिवाय ही व्यवस्था टिकत नाही. ‘सार्वत्रिक’ या शब्दामागे दयाबुद्धीइतकाच हा रोखठोक हिशेबही आहे. जागतिक आरोग्य संघटना सार्वत्रिक आरोग्यसंरक्षणाचा जो अर्थ लावते, त्यात दोन गोष्टी येतात : प्रत्येकाला गरजेची सेवा मिळावी आणि ती घेताना त्याचे कंबरडे मोडू नये.

जुने स्वप्न, अपुरी तरतूद

पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांविना राहू नये, हे तत्त्व भारतात नवे नाही. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्येच ते मांडले होते. २०११ मध्ये डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने सेवेचा खर्च मुख्यतः करांतून भागवावा आणि रुग्णांकडून शुल्क घेऊ नये, अशी शिफारस केली. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील रुग्णांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोलाची आहे. तरीही शंभरातले एकोणचाळीस रुपये आजारी माणसानेच मोजायचे, ही स्थिती समाधानाची नव्हे. त्याच वर्षी सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंतचे लक्ष्य २.५ टक्के ठरवले होते.

गोव्याचे वेगळेपण

या चित्रात गोव्याची जागा वेगळी आहे. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयाची परंपरा सांगणारे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आज बांबोळीत उभे आहे. राज्य लहान असल्याने दूरच्या तालुक्यातील रुग्णही काही तासांत तेथे पोहोचतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेने उत्पन्नाची अट न घालता किमान पाच वर्षे वास्तव्य असलेल्या कुटुंबांना विमाछत्र दिले : तीनपर्यंत सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपये. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचे पाच लाखांचे छत्र २०१८ मध्ये आले, तेव्हा ते प्रामुख्याने गरीब कुटुंबांपुरते होते. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना ते २०२४ मध्ये खुले झाले. सार्वत्रिकतेचे तत्त्व गोव्याने त्याआधीच स्वीकारले होते.

परंतु कार्ड सर्वांना मिळाले म्हणून संरक्षण पूर्ण झाले, असे होत नाही. अशा योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर असतो. प्रत्यक्षात घराचा पैसा झिरपतो तो औषधांच्या दुकानात आणि तपासणी केंद्रात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले; हे प्रमाण देशात सर्वाधिक होते. मधुमेही माणूस एरवी रुग्णालयात दाखल होत नाही. त्याला रोज गोळ्या, ठरावीक मुदतीने रक्ततपासणी आणि डोळ्यांची व पायांची निगा लागते. हा खर्च जड झाला की गोळ्या चुकतात, आणि काही वर्षांनी मूत्रपिंड निकामी होऊन तोच माणूस डायलिसिसच्या खाटेवर येतो. तेव्हा योजना त्याचा खर्च उचलते. शंभर रुपयांच्या गोळ्या नाकारून लाखाचे बिल भरण्याचा हा व्यवहार सरकारलाही परवडणारा नाही.

सीमेवरचा रुग्ण

दुसरी उणीव राज्याच्या सीमेवर दिसते. सावंतवाडी, दोडामार्ग किंवा कारवारच्या माणसाला बांबोळी जवळची. २०१८ मध्ये परराज्यातील रुग्णांना तेथे शुल्क लागू झाले, तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन उभे राहिले. गोव्याच्या करदात्याने शेजाऱ्याचा भार का उचलावा, हा प्रश्न गैर नव्हता. पण ताप राज्याची सीमा पाहून चढत नाही, हेही खोटे नव्हते. बेळगाव भागात याची राजकीय बाजू समोर आली. सीमाभागातील ८६५ गावांना महाराष्ट्राने आपली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना देऊ केली, आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. हक्क रुग्णाबरोबर प्रवास करील आणि खर्चाचा हिशेब राज्ये आपसात मिटवतील, अशी व्यवस्था झाली तरच हा तिढा सुटेल.

थायलंडचा धडा

सार्वत्रिक संरक्षण श्रीमंत देशांनाच परवडते, या आक्षेपाला थायलंडने उत्तर दिले आहे. २००२ मध्ये त्या देशाने कोणत्याही योजनेत नसलेल्या सर्व नागरिकांना छत्राखाली आणले. प्रत्येक भेटीस नाममात्र तीस बाट शुल्क ठेवल्याने योजना त्याच नावाने ओळखली गेली. नोंदणी घराजवळच्या रुग्णालयाच्या जाळ्यात होते. बाह्यरुग्ण सेवेसाठी नोंदलेल्या माणशी ठरावीक रक्कम आधीच दिली जात असल्याने अनावश्यक तपासण्या वाढवण्यात कोणाचा फायदा उरत नाही. बाह्यरुग्ण सेवा आणि औषधे प्रारंभापासून समाविष्ट आहेत. खिशातून होणारा खर्च तेथे पूर्वी सुमारे एक तृतीयांश होता. तो पुढे सुमारे एक दशांशावर आला.

फुकट मिळाले की लोक गरजेपेक्षा जास्त वापरतील, ही भीतीही नेहमी व्यक्त होते. किरकोळ तक्रारींसाठी गर्दी होऊ शकते, हे खरे. पण हौसेने कोणी डायलिसिस करून घेत नाही. दरांबाबत खासगी रुग्णालयांची तक्रार मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. सरकारी दर खर्चाला पुरत नसतील किंवा देणी महिनोन्महिने थकत असतील, तर कार्ड दाखवूनही रुग्ण परतवला जाणारच. वेळेवर पैसे देणे हा योजनेचा कणा आहे.

गोव्यापुरते पाहिले तर पुढचे पाऊल स्पष्ट आहे. मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही मिळणे, नेहमीच्या तपासण्या योजनेत येणे आणि शेजारच्या राज्यांशी हिशेबाचा कायम करार होणे, या तीन गोष्टी लहान राज्याच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत. ज्या राज्याने उत्पन्नाचा दाखला न मागता कार्ड दिले, त्याने रुग्णाला औषधाच्या दुकानाच्या दारात एकटे सोडू नये.