जुळ्यांची वाढ आणि एका ओळीची नोंद

जुळे आहे असे कळले की घरात आनंद होतो, आणि त्यापाठोपाठ आईने आता भरपूर खावे असा उपदेश सुरू होतो. पुढे सातव्या-आठव्या महिन्यात दोहोंपैकी एक गर्भ खुरटला आहे असे आढळले, तर दोषही आईच्याच आहारावर ठेवला जातो. ही समजूत अन्यायाची आहेच. पण ती खऱ्या प्रश्नावरून लक्ष उडविते, हे अधिक घातक होय.

एकाच आईच्या रक्तावर पोसणाऱ्या दोन गर्भांपैकी एक नीट वाढतो आणि दुसरा मागे पडतो, तेव्हा कारण बहुधा ताटात नसून वारेत असते. काही जुळ्यांना दोन स्वतंत्र वारा असतात. त्यांतील एक दुबळी निघते. काहींना मिळून एकच वार असते. तिची वाटणी असमान होते. आईचा रक्तक्षय वा रक्तदाब यांवर उपचार अवश्य करावेत. परंतु मागे पडलेल्या गर्भाचे वजन हमखास वाढविणारे औषध आजही उपलब्ध नाही. सक्तीच्या अंथरुणातील विश्रांतीचाही उपयोग सिद्ध झालेला नाही.

मग हाती काय उरते? लक्ष ठेवणे आणि प्रसूतीची वेळ निवडणे. पोटावर टेप लावून दोहोंतील लहान कोण हे कळत नाही. त्याला सोनोग्राफीच हवी. एक गर्भ 2000 ग्रॅमचा आणि दुसरा 1500 ग्रॅमचा असेल, तर फरक 25 टक्के होतो, आणि एवढा फरक धोक्याची सूचना मानला जातो. नाळेतील रक्तप्रवाह हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये थांबतो किंवा उलटतो काय, हेही पाहावे लागते.

खरा पेच यानंतरच उभा राहतो. प्रसूती लवकर केली तर निरोगी वाढणाऱ्या मुलालाही अपुऱ्या दिवसांचे भोग भोगावे लागतात. थांबले तर लहान्याचा जीव धोक्यात येतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुप्फुसे सावरण्यासाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देण्याचा उपाय न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 साली मांडला. त्याने पेच सौम्य होतो, सुटत नाही. वारा स्वतंत्र असतील तर थोडे थांबण्यास वाव असतो. वार एकच असेल तर दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींस जोडलेल्या असतात. एक गर्भ दगावला तर दुसऱ्याचे रक्त तिकडे ओढले जाऊन त्याच्या मेंदूला इजा होऊ शकते, प्रसंगी तोही दगावतो. म्हणूनच एका वारेच्या जुळ्यांची तपासणी सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी करावी लागते.

वार एक की दोन, हे खात्रीने कळण्याची वेळ मात्र फार आधी, अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात असते. पुढे मधला पडदा विरळ होतो आणि खूण अस्पष्ट होते. आठव्या महिन्यातील निर्णय तिसऱ्या महिन्यातील एका ओळीवर अवलंबून असतो, तो असा. सरकारने 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला मोफत तपासणीची सोय केली, हे स्तुत्यच. परंतु तिचा रोख दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीवर आहे. या नोंदीची वेळ तोवर टळू लागलेली असते.

सोनोग्राफीचा आपल्याकडे लिंगनिदानासाठी दुरुपयोग झाला. महाराष्ट्राने 1988 मध्ये आणि केंद्राने 1994 मध्ये त्याविरुद्ध कायदे केले. त्यांची गरज आजही तितकीच आहे. परंतु वारेची नोंद करण्यास कोणताही कायदा आड येत नाही. जुळ्यांच्या प्रत्येक अहवालात ‘वार एक’ किंवा ‘वारा दोन’ असे स्पष्ट लिहिलेच पाहिजे, आणि तालुक्याच्या रुग्णालयातही ही तपासणी वेळेवर मिळाली पाहिजे. तोवर कुटुंबातील शिकलेल्या माणसांनी एवढे तरी करावे: सुनेच्या ताटाची चौकशी करण्याआधी तिच्या अहवालातील ती ओळ वाचावी, आणि ती नसल्यास डॉक्टरांना विचारावी.