स्तन काढल्यानंतर : इम्प्लांट कोणते, आणि हवेच का?

कर्करोगामुळे स्तन काढावा लागला, की लाखनीसारख्या गावातली बाई बहुधा ब्लाउजमध्ये रुमालाची घडी ठेवते आणि पदर त्या बाजूला ओढून घेते. स्तनाची पुनर्रचना करता येते, हे तिला अनेकदा कुणी सांगितलेलेच नसते. सांगितले तरी ‘सिलिकॉन बसवून घ्या’ एवढेच. पण सिलिकॉनमध्येही प्रकार आहेत.

इम्प्लांटचे कवच सिलिकॉनचेच असते. आत मिठाचे निर्जंतुक पाणी असते किंवा सिलिकॉनचे जेल. पाण्याचे इम्प्लांट फुटले तर स्तन बसतो, लगेच कळते आणि ते पाणी शरीरात जिरून जाते. जेलचा स्पर्श खऱ्या स्तनाच्या जवळ जाणारा. मात्र ते फुटले तरी वरून काही कळेलच असे नाही. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा, की त्रास नसला तरी ५-६ वर्षांनी आणि पुढे दर २-३ वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा. म्हणजे नागपूरची फेरी, तपासणीचा खर्च आणि बुडालेली मजुरी. शस्त्रक्रियेचा खर्च सांगताना हे क्वचितच धरले जाते. शिवाय इम्प्लांट जन्मभराचे नसते. पुढे ते बदलावे किंवा काढावे लागू शकते.

पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, हेही विचारावे. खरखरीत इम्प्लांट जागेवरून सरकत नाही म्हणून वापरात आले. पण त्याच्याभोवती क्वचित एक विशिष्ट लिम्फोमा होतो, असे आढळले. अ‍ॅलर्गन कंपनीने आपली ‘बायोसेल’ इम्प्लांट जुलै २०१९ मध्ये जगभरातून परत घेतली. ज्यांना ती आधीच बसवली आहेत आणि त्रास नाही, त्यांना ती काढण्याचा सल्ला दिला जात नाही. मात्र काही वर्षांनी अचानक सूज आली, तर अंगावर काढू नये.

फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने तर औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन भरले होते. २०१० मध्ये ते उघडकीस आले. त्या वेळी आपल्या अंगात कोणत्या कंपनीचे इम्प्लांट आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. तेव्हा कंपनीचे नाव आणि क्रमांक असलेले कार्ड मागून घ्यावे, रेशनकार्डासारखे जपावे.

रेडिएशन घ्यायचे असेल तर इम्प्लांटभोवतीचे आवरण आकसून स्तन कडक व दुखरा होण्याची शक्यता वाढते. अशा वेळी पाठीचा स्नायू किंवा पोटाची त्वचा व चरबी वापरून स्तन घडवणे अनेकदा बरे. पण रोवणीला जाणाऱ्या बाईने पाठीचा स्नायू देण्याआधी खांद्याच्या ताकदीचे काय होईल, हे विचारलेच पाहिजे.

ब्रेसियरच्या खिशात ठेवायचा सिलिकॉनचा किंवा विणलेला सुती स्तनही मिळतो. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही. काहीच न वापरणे हाही पर्याय आहे. पुनर्रचनेची घाईही नसते. ती स्तन काढतानाच करता येते, तशी काही वर्षांनीही.