जुनी होडी घेताना

मालवणच्या बाजूला किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या अरुंद होड्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. एकटी पाण्यात सोडली तर अशी होडी सहज कुशीवर होईल. म्हणून तिच्या एका अंगाला आडव्या दांड्या बांधून त्यांच्या टोकांना लाकडाचा ओंडका जोडतात. ही उलांडी.

शिडाच्या अशाच एका जुन्या होडीच्या सौद्याला मी हजर होतो. विकणारा म्हणाला, "उलांडी बघा, भाऊ, कशी भारी आहे! वाऱ्यात होडी पालथी व्हायची नाही." घेणाऱ्याला ते पटले. मला मात्र गणित करावेसे वाटले.

समजा, उलांडीचे आकारमान ८० लिटर, वजन ४० किलो आणि होडीपासूनचे अंतर २ मीटर आहे. वारा शिडाला २.५ मीटर उंचीवर ३० किलो भाराने ढकलतो आहे. म्हणजे होडी उलथवणारे आघूर्ण ३० × २.५ = ७५. (होडीचा स्वतःचा तोल थोडाच असतो, तो सोडून देऊ.)

वारा उलांडीच्या बाजूने आला, तर उलांडी उचलली जाऊ लागते. तिचे वजन होडी सावरते : ४० × २ = ८०. निभावले. वारा दुसऱ्या बाजूने आला, की उलांडी पाण्यात दाबली जाते. आता वजन कामाचे नाही. पूर्ण बुडालेला ओंडका ८० किलो पाणी बाजूला सारतो. स्वतःचे ४० वजा जाता ४० किलोचा आधार उरतो. पुन्हा ८०.

पण ओंडक्याने वर्षानुवर्षे २५ किलो पाणी पिऊन ठेवले असेल तर? पहिल्या वाऱ्यात ६५ × २ = १३०; विकणाऱ्याचे म्हणणे खरे! दुसऱ्या वाऱ्यात मात्र १५ × २ = फक्त ३०. होडी पालथी.

श्रीलंकेच्या 'ओरू' नावाच्या होडीवर हा विक्रेता जिंकला असता. तिची दोन्ही टोके सारखी असतात. दिशा बदलताना शीडच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतात, त्यामुळे उलांडी कायम वाऱ्याकडेच राहते. वारा वाढला की खलाशी दांड्यांवर चढून बसतात. 'एका माणसाचा वारा', 'दोन माणसांचा वारा' असे त्यांचे मापच आहे.

पाणी मुरले आहे की नाही हे ओळखायला तराजू नको. उलांडी सोडून पाण्यावर ठेवायची. आपल्या उदाहरणातला कोरडा ओंडका निम्मा बुडेल, भिजलेला चार-पंचमांशाहून जास्त. आर्किमिडीजचा नियम फुकट मिळतो, तो वापरावा!

दोऱ्या कुजल्या असल्या तर घासाघीस करू नये, त्या स्वस्तात बदलतात. होडीचा तळ मात्र टोच्याने तपासावा. शिंपल्यांच्या कुळातला टेरेडो हा प्राणी टाचणीएवढ्या भोकातून आत शिरतो आणि बाहेरून धड दिसणारे लाकूड आतून पोखरून टाकतो.

त्या दिवशी आम्ही उलांडी पाण्यावर ठेवली. जेमतेम पाठ वर राहिली. विकणारा हसला, म्हणाला, "मास्तर, तुम्ही नसता आलात तर बरे होते." तळ चांगला निघाला. नव्या ओंडक्याची किंमत वजा करून सौदा ठरला, आणि जुनी उलांडी तिथेच वाळूत राहिली.