पैठणीची जाहिरात आणि १ जूनचा वाढदिवस

इचलकरंजीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, ‘दुपारी धाकट्या जाऊबाईंशी भाचीच्या लग्नाचं बोलत होते. पैठणी घ्यावी की कांजीवरम, एवढाच विषय. फोन ओट्यावर पडलेला, मी त्याला हातही लावला नव्हता. संध्याकाळी फेसबुक उघडलं तर ओळीनं पैठण्यांच्या जाहिराती! फोन आपलं बोलणं ऐकतो का हो?’

कुठेही इंटरनेटबद्दल बोलायला गेलो की हा प्रश्न पहिला येतो. म्हणून आधी उत्तर देतो आणि मग त्यामागची गंमत सांगतो. ऐकत असल्याचा भक्कम पुरावा आजवर मिळालेला नाही. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी १७,२६० अँड्रॉइड ॲप तपासली. त्यांचा अहवाल २०१८मध्ये आला. चोरून माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. (वेगळंच काहीतरी सापडलं. काही ॲप स्क्रीनवर जे चाललंय त्याचं चित्रण करून परस्पर तिसऱ्याच कंपनीला धाडत होती. ते काही कमी गंभीर नाही.) साधा हिशेबही करून बघा. बोलणं अगदी दाबून-दाबून लहान केलं तरी तासाला सात एमबीच्या आसपास जातं. दिवसाचे सोळा तास धरले तर शंभर एमबीच्या वर. चौघांच्या घरात रोज जवळजवळ अर्धा जीबी असा गुपचूप गेला तर रिचार्ज संपताना कळल्याशिवाय राहील का?

मग पैठणी कुठून आली? पत्रात जाऊबाई आहेत, त्यांच्याकडे बघा. गप्पा संपल्यावर त्यांनी आपल्या फोनवर ‘येवला पैठणी किंमत’ असं शोधलं असण्याची शक्यता दाट. दोघींचे फोन एकाच वायफायवर, म्हणजे बाहेरच्या जगाला दोघींचा पत्ता एकच दिसतो. रोज रात्री दोन्ही फोन एकाच छपराखाली असतात. दोघी फेसबुकवर एकमेकींच्या नात्यात. एकीच्या घरात लग्न आहे म्हणजे दुसरीच्याही आहे, हे ताडायला कान लागत नाहीत. शिवाय पैठणीच्या जाहिराती आधीही येऊन गेल्या असतील, पण विषय डोक्यात नव्हता तेव्हा त्या नजरेला पडल्या नसतील.

मला खरी गंमत इथून पुढे वाटते. आपल्याला नाव, फोन नंबर, आधार क्रमांक यांची काळजी असते. जन्मतारीख, पिनकोड अशा गोष्टी आपण सहज सांगून टाकतो. त्यात काय एवढं, असं वाटतं. त्यात काय आहे ते लतान्या स्वीनी यांनी १९९७च्या सुमारास दाखवून दिलं. तेव्हा त्या एमआयटीत शिकत होत्या. इंटरनेटवरच्या खासगीपणाचा विषय निघाला की आपल्याकडे अमेरिकी सरकारची पाळत उघड करणाऱ्या स्नोडेनचं नाव लगेच येतं. स्वीनींचं नाव मी तरी एखाद-दुसऱ्या वेळीच ऐकलं आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मॅसॅच्युसेट्स राज्यानं आपल्या कर्मचाऱ्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या आजारपणाच्या नोंदी संशोधकांना खुल्या केल्या होत्या. माणसं होती सुमारे १,३५,०००. नावं आणि पत्ते काढून टाकले होते, त्यामुळे कुणाचीही ओळख उघड होणार नाही, अशी ग्वाही गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली होती. स्वीनींनी वीस डॉलर भरून केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. त्या यादीत नाव, पत्ता, झिपकोड (म्हणजे तिकडचा पिनकोड), जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष हे सगळं होतं. दवाखान्याच्या नोंदींतही शेवटच्या तीन गोष्टी ठेवलेल्या होत्या. वेल्ड केंब्रिजमध्येच राहायचे. त्यांच्या जन्मतारखेला जन्मलेले लोक अख्ख्या शहरात सहा निघाले. त्यातले तीन पुरुष. आणि वेल्ड यांच्या झिपकोडमध्ये राहणारा त्या तिघांतला एकच. झालं! राज्याच्या पहिल्या माणसाची आजारपणं वीस डॉलरांत एका विद्यार्थिनीच्या टेबलावर आली. कुणाचा संगणक फोडावा लागला नाही, कुठला पासवर्ड चोरावा लागला नाही. दोन याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या, एवढंच.

झिपकोड, जन्मतारीख आणि लिंग या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतील, असा हिशेब त्यांनी १९९०च्या जनगणनेवरून पुढे मांडला. २००६मध्ये संशोधक फिलिप गॉल यांनी तो पुन्हा केला तेव्हा आकडा ६३ टक्के आला. वृत्तपत्रांना ८७च आवडतो. मला ६३ही पुरेसा भयंकर वाटतो.

आता हाच हिशेब आपल्याकडे करून बघू. त्याआधी एका मराठी माणसाची ओळख करून द्यायला हवी. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले हे वरिष्ठ अधिकारी संस्कृतचे मोठे पंडित होते आणि संस्कृतात नाटकं लिहायचे. अडचण साधी होती. देशात एकाच नावाची गावं शेकड्यांनी. आपल्याकडची नुसती वडगावं मोजायला बसलात तरी दिवस जाईल. त्यात पत्ते नाना लिप्यांत लिहिलेले. वेलणकरांनी सहा आकड्यांत देश बसवला. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा, ४११ म्हणजे पुणे, ४११०३० म्हणजे सदाशिव पेठ. रोज कोट्यवधी लोक हा आकडा लिहितात आणि त्यामागचं नाव बहुतेकांना ठाऊक नसतं.

टपाल वर्गीकरणाचं कपाट पाहिलंय? भिंतभर खण, आणि प्रत्येक खणात एका ठिकाणची पत्रं. तसंच एक कपाट कल्पनेनं उभं करा. एका पिनकोडसाठी ऐंशी वर्षांच्या प्रत्येक तारखेला बायकांचा एक आणि पुरुषांचा एक असे खण करायचे. ८० गुणिले ३६५ गुणिले २ म्हणजे ५८,४०० खण. त्या पिनकोडात ५०,००० माणसं राहतात असं धरा. प्रत्येकानं आपापल्या खणात एक पत्र टाकलं. किती जणांचं पत्र खणात एकटं असेल? गणित सांगतं, शंभरातल्या सुमारे ४२ जणांचं. लाखभर वस्तीचा शहरी पिनकोड असेल तर १८ जणांचं. आणि २०,००० वस्तीचा खेड्यापाड्यांचा पिनकोड घेतला तर तब्बल ७१ जणांचं. हिशेब ढोबळ आहे, सगळ्या वयांची माणसं सारखीच धरली आहेत. प्रत्यक्षात म्हातारी माणसं कमी, म्हणून वय वाढेल तसं माणूस आपल्या खणात जास्त एकटा पडत जातो.

पण आपल्याकडे या एकटेपणावर एक देशी उपाय आधीच होऊन बसला आहे! माझ्या वडिलांच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १ जून. त्यांच्या दोन चुलतभावांचीही तीच. वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच, असं ते सांगायचे. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराची तारीख घरच्यांना माहीत नसायची, मग गुरुजी अंदाजानं वर्ष धरून १ जून लावून द्यायचे. त्या खणात पत्रांची थप्पी लागलेली आहे. तिथून एकाला नेमकं उचलता येत नाही. वेल्ड प्रकरणानंतर स्वीनी आणि पिएरांजेला सामारती यांनी १९९८मध्ये जो उपाय मांडला तो याच जातीचा. तारीख द्यायची असेल तर नुसतं वर्ष द्या, पिनकोडचे शेवटचे आकडे झाका. कुठल्याही खणात ठरलेल्या संख्येपेक्षा कमी माणसं उरणार नाहीत असं बघा. आपल्या गुरुजींनी हे गणित न मांडता करून ठेवलं होतं.

आता पैशाचं. ही माहिती कुणाला हवी असते? लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव पाहिला असेल. ट्रॉल्या रांगेनं उभ्या असतात, व्यापारी एकेका ट्रॉलीपाशी येतात, कांदा हातात घेऊन बघतात आणि बोली चढत जाते. आपण मोबाइलवर एखादं पान उघडतो तेव्हा जाहिरातीच्या रिकाम्या चौकोनाचा पुष्कळदा असाच लिलाव होतो. तो सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतो, कारण बोली यंत्रं लावतात. ट्रॉलीच्या जागी आपण असतो. फोन कोणता, गाव साधारण कुठलं, पान कशाबद्दलचं, फोनचा जाहिरातीसाठीचा ओळख क्रमांक काय, हे बोली लावणाऱ्यांपुढे ठेवलं जातं. इथे मला सगळ्यात खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. जाहिरात एकाचीच लागते, पण माहिती बोलीत हरलेल्यांनीही बघितलेली असते. कांदा न घेता परत गेलेल्या व्यापाऱ्याजवळ कांद्यातलं काही उरत नाही. इथे उरतं.

आणि या सगळ्याला भाव काय मिळतो? फेसबुकची मूळ कंपनी मेटा हिनं २०२३च्या शेवटच्या तिमाहीत आशिया-प्रशांत भागातल्या एका फेसबुक वापरकर्त्यामागे सरासरी ५.५२ डॉलर मिळवले. तेव्हाच्या दरानं सुमारे ४६० रुपये, म्हणजे दिवसाला पाच रुपये. त्यात जपान आणि ऑस्ट्रेलियासारखे श्रीमंत देश धरलेले आहेत, तेव्हा भारतातल्या माणसाचा आकडा आणखी खालीच असणार. अमेरिका आणि कॅनडात तोच आकडा ६८.४४ डॉलर होता.

हे पाच रुपये लक्षात ठेवा, फार उपयोगी आहेत. ‘तुमचा डेटा विका आणि महिन्याला हजारो कमवा’ असं कुणी म्हणालं तर त्यापुढे हे पाच रुपये ठेवून बघा. ‘घरबसल्या व्हिडिओ लाईक करा, एका लाईकला ५० रुपये’ असा निरोप व्हॉट्सॲपवर येतो तेव्हाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या जाहिरात कंपन्यांपैकी एक आपल्या अख्ख्या दिवसातून पाच रुपये काढते, तर एका अंगठ्याचे पन्नास कोण देईल? सुरुवातीला शंभर-दीडशे रुपये खरंच खात्यात येतात. तोच गळाला लावलेला दाणा. मग टेलिग्रामच्या ग्रुपात घेतात, ‘प्रीपेड टास्क’साठी आधी पैसे भरायला सांगतात आणि भरलेले पैसे सोडवायला आणखी पैसे मागतात. इंटरनेटवरून खरी कमाई होते, नाही असं नाही. यूट्यूब मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा व्हिडिओ करणाऱ्याला देतं. पण त्या वाट्याला पोचायचं तर हजार सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात चार हजार तास बघितले गेलेले व्हिडिओ लागतात. ते काम आहे, आणि कामाचे पैसे मिळतात.

फसवणूक झालीच तर लाजू नका, घरात लपवू नका आणि त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, १९३०वर, फोन करा. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी कळलं तर ते गोठवता येतात. तास-दोन तासांचा उशीरही महागात पडतो.

इचलकरंजीच्या ताईंना एवढंच सुचवतो. अँड्रॉइडच्या नव्या फोनमध्ये सेटिंगमधून जाहिरातीसाठीचा ओळख क्रमांक पुसून टाकता येतो, तो आजच पुसा. आणि पैठणी घ्यायला गेल्यावर काउंटरवरच्या मुलानं ‘ऑफर पाठवतो’ म्हणून जन्मतारीख विचारली तर सांगू नका. साडीच्या बिलाला जन्मतारीख लागत नाही.